दुसरी डायरेक्टर

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची तर निदान दोन डायरेक्टर लागतात. पहिला डायरेक्टर म्हणजे ज्याला कंपनीची हौस आलेली असते तो. दुसरा डायरेक्टर म्हणजे त्याची बायको. बायको नसली तर आई. आई गेलेली असली तर काकी. कायद्याच्या पुस्तकात असं कुठं लिहिलेलं नाही, पण वसई-विरारमध्ये कायदा असाच चालतो. मी गेली अठरा वर्षं हेच बघत आलेय, कारण मी एका कंपनी सेक्रेटरीच्या ऑफिसात नोकरी करते. कंपनी सेक्रेटरी म्हणजे कंपन्यांचे सरकारी कागद करून देणारा माणूस, आणि मी म्हणजे ते कागद प्रत्यक्षात करणारी बाई.

आमचं ऑफिस एव्हरशाईन सिटीत पहिल्या मजल्यावर आहे, खाली फरसाणाचं दुकान. जिन्यावरून वर येणाऱ्या माणसाच्या चालीवरून मला कळतं की हा कंपनी काढायला आलाय. तो दोन पायऱ्या एकदम चढतो. आत येतो, खुर्चीत रेलतो आणि नाव सांगतो. नावात ग्लोबल असतं, नाहीतर इंटरनॅशनल, नाहीतर इन्फ्रा. एकदा एकाच नावात तिन्ही होती. मी त्याला विचारलं, "साहेब, धंदा कुठपर्यंत आहे?" तो म्हणाला, "सध्या आचोळ्यापर्यंत." मग मी मुकाट्यानं लिहून घेतलं, दुसरं काय करणार!

मग येतो उद्देशांचा कागद. कंपनी काय काय करणार हे त्यात लिहायचं असतं. हे लोक काहीच सोडत नाहीत. बांधकाम लिहा, हॉटेल लिहा, निर्यात लिहा, सिनेमा पण टाकून ठेवा, असू दे. अहो, आधी एक गाळा तरी घ्या! आचोळ्यात एका खोलीच्या दारावर मी स्वतः सात कंपन्यांच्या पाट्या मोजल्यात. कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर नावाची पाटी लावावीच लागते, तो नियम आहे. त्या सात पाट्यांखाली एक बाई मेथी निवडत बसली होती. तिला विचारलं, डायरेक्टर कुठायत? तर म्हणाली, मीच असेन एकात, थांबा बघते. आणि खरंच होती.

कायद्याचं एक वाक्य आमचे साहेब प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवतात. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीनं स्वतंत्र व्यक्ती असते, तिच्या मालकांपेक्षा वेगळी. ऐकताना माणसाचे डोळे भरून यायचे बाकी असतात, जसा काही मुलगा झाला. मला त्या व्यक्तीचा मनापासून राग आहे. ती कधी आजारी पडत नाही, कुणाच्या मयताला जात नाही, लग्नाचं आमंत्रण दिलं तर येत नाही. तिच्या वतीनं सही करायला मात्र एक हाडामांसाची बाई लागते. त्या बाईची डिजिटल सही एका छोट्या पेन ड्राइव्हमध्ये असते, आणि तो पेन ड्राइव्ह बाईकडे कधीच नसतो. तो आमच्या ऑफिसात बिस्किटाच्या डब्यात असतो. डबाभर बायका आहेत तिथं, प्रत्येकीच्या कमरेला नावाची चिठ्ठी बांधलेली. पासवर्ड सगळ्यांचा एकच, तो साहेबांनी ठरवलेला.

त्या डब्यात माझी काकी पण होती.

आमची आई लवकर गेली. मला आणि माझ्या थोरल्या भावाला काकीनं वाढवलं. तिला मूल नव्हतं, काकाही आधीच गेलेले. काकी खाडीकाठच्या भात पिकवणाऱ्या गावातून लग्न होऊन आमच्या वाडीत आली. वाडीत तिनं उभी हयात काढली, पण 'पाणी'ला ती अजून 'पानी'च म्हणते. केळीची कामं तिला सासरी येऊन शिकावी लागली, आणि अशी शिकली की सासरचे मागे पडले. आमच्याकडे म्हणतात, काकीला हातगुण आहे. तिच्या हातानं लावलेला केळीचा मुनवा, म्हणजे बुंध्याशी फुटलेलं पिल्लू, कधी मरत नाही. त्यामुळे आळीत कुणाची नवी लागवड असली की पहिला मुनवा लावायला काकीला बोलवतात. ती जाते, हात धुते, पदर खोचते, लावते आणि चहा न घेता परत येते. चहा घेतला तर हातगुण विकल्यासारखं होतं म्हणे. मी या सगळ्याला हसत आले. मुनवा जगतो तो माती आणि पाण्यानं, हे मला चौथीत कळलेलं होतं.

तर आमच्या दादाला कंपनीची हौस आली. तोवर तो बांधकामाच्या साइटवर माणसं पुरवायचा, आणि बरं करायचा. पण त्याच्या बरोबरच्या एकानं कंपनी काढली, लग्नपत्रिकेत स्वतःच्या नावाखाली 'डायरेक्टर' छापून आणलं, आणि दादाची झोप उडाली. तो माझ्याकडे आला. "तू तिथंच आहेस ना, करून टाक." जसं काही मी घावनं करते! मी म्हटलं, दुसरा डायरेक्टर कोण? तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं. तो म्हणाला, "काकी की! आणि पहिली सही तिचीच घेऊया. तिच्या हातानं सुरुवात झाली की बघ कशी वाढते कंपनी."

मुनव्याची अक्कल त्यानं कंपनीला लावली. आणि मी, सगळ्या आळीत एकटीच शहाणी, मी काय केलं? फॉर्म घेऊन घरी आले.

काकी ओटीवर बसली होती. मी सांगितलं, दादा कंपनी काढतोय, तुझी सही हवी. तिनं विचारलं, "कशाची कंपनी?" दादा म्हणाला, सगळ्याची. ती उठली, मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, देवाला नमस्कार केला आणि पूर्वेला तोंड करून बसली. "कुठं करू, बाय?" मी कागदावर बोट ठेवलं. तिनं पूर्ण नाव लिहिलं, स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव, एकेक अक्षर ओढत. पुढच्या पानावर मी परत बोट ठेवलं. अशी सहा पानं झाली. डायरेक्टर म्हणजे काय, त्याची जबाबदारी काय, हे मी तिला सांगितलं नाही. ऑफिसात येणाऱ्या बायकांना तरी कुठं कोण सांगतं! शेवटच्या सहीनंतर तिनं दादाला चहा सुद्धा करू दिला नाही.

पाटी आली. स्टीलची, चकचकीत, आमच्या दाराच्या चौकटीपेक्षा मोठी. कार्डं आली. दादाचं लग्न ठरलं आणि पत्रिकेत 'डायरेक्टर' पडलं, एकदाचं. त्यापुढे कंपनीनं केलेलं एकही काम मला आठवत नाही. ना बांधकाम, ना निर्यात, सिनेमा तर लांबच. दादा लग्नानंतर फ्लॅटमध्ये राहायला गेला आणि पाटी इथंच राहिली. पुढे ती भिंतीवरून निखळली, तेव्हा काकीनं उलटी करून पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली. कंपनीचा एवढा एकच उपयोग मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय.

पण कायद्याचं एक आहे. त्याला तुमचं गप्प बसणं चालत नाही. कंपनीनं वर्षभरात काही केलं नसलं तरी 'काही केलं नाही' हे दरवर्षी फॉर्म भरून सरकारला कळवावं लागतं. मी पहिल्या वर्षी दादाला फोन केला. बघू म्हणाला. दुसऱ्या वर्षी केला. "अगं, धंदाच नाही तर भरायचं काय?" मी समजावलं. तो म्हणाला, "तू ना, सरकारी माणसासारखी बोलायला लागलीस." आणि बाजूला कुणीतरी हसलं.

ते हसणं माझ्या डोक्यात गेलं. फॉर्म माझ्याच टेबलावर भरले जायचे. दादाची सही आमच्याच डब्यात होती, काकीचीही होती. साहेबांना सांगून मी ते एका दुपारात उरकू शकले असते, घरचं काम म्हणून. पण मी म्हटलं, मर. तुझी कंपनी, तू बघ. तिसऱ्या वर्षी मी फोन केला नाही. मला ठाऊक होतं पुढे काय होतं ते. ओळीनं तीन वर्षं कळवलं नाही की त्या कंपनीचे डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. कुठल्याही कंपनीत डायरेक्टर होता येत नाही. मी वाटच बघत होते म्हणा ना.

आणि झालं तसंच. सरकारनं एका झटक्यात ढीगभर बंद कंपन्या नोंदवहीतून पुसून टाकल्या आणि अपात्र डायरेक्टरांच्या याद्या लावल्या. ऑफिसात फोनवर फोन. काल आलेले ग्लोबल लोक रडकुंडीला आलेले. साहेब कपाळाला हात लावून बसले होते, आणि मी यादीत दादाचं नाव शोधत होते. सापडलं. मला इतका आनंद झाला की खाली जाऊन मी पाव किलो फरसाण आणलं, सगळ्यांना वाटलं. साहेबांनी विचारलं, काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, असंच.

दोघंही अपात्र होतात. पहिला कोण, दुसरी कोण, सही कुणी समजून केली आणि कुणी हात धुऊन केली, हे कायदा विचारत नाही. त्या दिवशी मला काकी आठवली नाही असं मी नंतर स्वतःला सांगून बघितलं. खोटं आहे ते. आठवली होती. फरसाण खाता खाताच आठवली. मी मनात म्हटलं, तिला काय फरक पडतो? ती कुठं कंपनी काढायला चाललीय!

दोन वर्षं गेली. एका संध्याकाळी घरी आले तर काकी आरशासमोर उभी. काकी आणि आरसा! मी म्हटलं, कुठं निघालीस? ती म्हणाली, "फोटो काढून आली. पासपोट." आणि पाकिटातून पाच फोटो काढून माझ्या हातात दिले. नऊवारी, कपाळावर टिकली नाही, केस पाणी लावून चापून बसवलेले, आणि नजर अशी की फोटोवाल्याला ओरडणार आहे.

"कशाला गं?"

"डायरेक्टर व्हयाला," काकी म्हणाली.

झालं होतं असं. आमच्या वाडीत राजेळी केळ्यांची सुकेळी करणाऱ्या बायका आता थोड्याच उरल्यात. पिकलेली केळी सोलून आठ-आठ दिवस उन्हात वाळवायची, रोज फिरवायची, दव पडायच्या आत उचलायची, आणि मग सुक्या केळीच्या पानात आवळून बांधायची. मधासारखी लागतात. पण बाजारात त्यांच्या नावावर काय काय विकतात, ते बघवत नाही. तर कुठल्याशा योजनेवरची एक मुलगी आली आणि या बायकांना म्हणाली, तुम्ही उत्पादक कंपनी काढा. म्हणजे पिकवणाऱ्यांची, बनवणाऱ्यांची स्वतःची कंपनी. दहा सभासद लागतात, पाच डायरेक्टर लागतात. पुड्यावर तुमचं नाव येईल. बायकांनी एकमुखानं ठरवलं, मुख्य काकी.

मी आजवर ज्या कंपन्यांचे कागद केले त्यांत ही पहिली अशी होती की जिच्या उद्देशांत एकच उद्देश होता आणि तो करता येणाऱ्या सगळ्या बायका हजर होत्या. माझा उभा जन्म खोट्या कंपन्यांची नावं लिहिण्यात गेला. आणि खरी कंपनी दारात आली तेव्हा तिची मुख्य बाई अपात्र, माझ्यामुळे.

काकी जेवताना बोलत होती. ती कधी जेवताना बोलत नाही. "पुड्यावर माजं नाव घालनार म्हनतात. काकांचं नाय, सासऱ्यांचं नाय, माजं. बाय, तू कागद कर हां. तुज्याच हापिसात कर." मी मान डोलावली आणि भात चिवडत बसले. तिनं मला परत वाढलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांच्या आधी जाऊन मी पोर्टलवर तिचा डायरेक्टर-नंबर टाकून बघितला. कुणी सांगावं, पोर्टल एरवी सतराशे साठ चुका करतं, एखादी आमच्या बाजूनं करील. पण नाही. चूक करायची नसते तेव्हा ते बरोब्बर चालतं. अपात्र. अजून तीन वर्षं. काकी तेव्हा सत्तरीच्या पुढे.

मग मी दादाकडे गेले. रस्ता होता एक. पुसलेली कंपनी परत जिवंत करायला ट्रिब्युनलकडे अर्ज करता येतो, जुने फॉर्म भरून द्यायचे, आणि मग अपात्रतेचंही बघता येतं, नशीब असलं तर. पण त्यासाठी दादानं पुढे व्हायला हवं होतं. दादानं दार उघडलं, मला सोफ्यावर बसवलं आणि नवीन कार्ड दिलं. नवीन कंपनी! मी म्हटलं, अरे तू तर अपात्र आहेस. तो हसला. "डायरेक्टर ही आहे आणि सासरे आहेत." कार्डावर त्याच्या नावाखाली 'फाउंडर' होतं. फाउंडर व्हायला कसलाच नंबर लागत नाही, कुठलाच कायदा फाउंडरला अपात्र करत नाही. धन्य तो कायदा! ज्याच्यासाठी जाळं लावलं तो मासा वरून उडी मारून गेला आणि अडकली कोण, तर किनाऱ्यावर बसलेली म्हातारी.

मी काकीचं सांगितलं. त्यानं टीव्हीचा आवाज बारीक केला, नाही म्हणत नाही मी. मग म्हणाला, "मेलेली कंपनी उकरायची म्हणजे माझं नाव परत वर येणार. आत्ताच नवीन कामं मिळायला लागलीत. आणि या वयात काकीला डायरेक्टर होऊन काय करायचंय?"

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हात उचललाही होता. पण त्याचं ते शेवटचं वाक्य मी आधी कुठं ऐकलंय हे माझ्या लक्षात आलं. फरसाण खाताना ऐकलं होतं, माझ्याच मनात. मी पाणी सुद्धा न पिता उठले.

आठवडाभर मी काकीला टाळलं. ऑफिसात काम आहे म्हणायचं आणि उशिरा यायचं. शेवटी रविवारी बायका आमच्याच ओटीवर जमल्या. योजनेची मुलगी लॅपटॉप घेऊन आली होती. काकीनं हात धुऊन ठेवले होते आणि ते पुसायलाही तयार नव्हती, ओलेच मांडीवर घेऊन बसली होती. शेजारची मावशी, जिच्या जिभेला हाड नाही, ती म्हणाली, "पहिली सही काकीची. तिचा हातगुण हाय, मग बाकीच्या आम्ही."

मी म्हटलं, "काकीला डायरेक्टर होता येणार नाही."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मावशी म्हणाली, "का? वय झालं म्हनून?"

"नाही. ती अपात्र आहे. कायद्यानं."

"चोरी केली का तिनं?"

"मावशी, तसं नसतं ते."

"मग कसं असतं? सांग की. तू शिकलेली हायस."

मी सांगितलं. दादाची कंपनी होती, तिचे फॉर्म भरले गेले नाहीत, म्हणून कंपनी पुसली गेली आणि डायरेक्टर अपात्र झाले. भरले गेले नाहीत. पुसली गेली. आमच्या ऑफिसात बोलायची हीच पद्धत आहे, सगळं आपोआप होतं, कुणी काही करत नाही. योजनेच्या मुलीनं मान हलवली, तिला कळलं होतं. ती म्हणाली, "सभासद होता येईल त्यांना, फक्त डायरेक्टर नाही." मी म्हटलं, हो हो, सभासद होता येईल.

 काकीनं मला विचारलं, "मी कंदी कंपनी काढली?"

"दादाची, काकी. तू सही केलीस ना."

"ती तर त्याची व्हती."

"कागदावर तुझी पण होती."

"आनि ती बुडाली?"

"बंद झाली."

"माज्या हातानं सुरू केलेली," काकी म्हणाली. मला नाही, बायकांना म्हणाली.   मी घाईघाईनं म्हटलं, "काकी, हाताचा काही संबंध नाही गं! फॉर्म भरायचे राहिले, एवढंच."

"कोनी भरायचे व्हते?"

आता बघा, इथं सांगता आलं असतं. दहा बायका होत्या, दिवसाउजेडी, आणि विचारणारी काकी होती. माझ्या तोंडून आलं, "दादानं."

खोटं नव्हतं ते. कायद्याप्रमाणे तर अगदी बरोबर होतं.

कंपनी झाली. दुसऱ्या पाच जणी डायरेक्टर झाल्या, मावशी मुख्य झाली आणि पहिल्याच महिन्यात सगळ्यांशी भांडली, ते ठीकच आहे, कंपनी जिवंत असल्याची ती खूण आहे. तिचे फॉर्म मी वेळेच्या आधी भरते. पुड्यावर नाव मात्र कुणाचंच आलं नाही. मावशीचं घालूया म्हटलं तर मावशीच म्हणाली, नको, काकी असताना माझं नको. काकी सभासदही झाली नाही. तिला मी कितीदा तरी समजावलं, मुद्देसूद, कायद्यासकट. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "असंल बाय, मना काय कळतंय?" फोटोंचं पाकीट तिनं कपाटात साड्यांखाली सारलं. पाच होते, पाचही आहेत.

सुकेळी करायला ती मावशीच्या अंगणात जाते. केळी फिरवते, पानं आवळते, चुकलं की ओरडते. पण नवा घड सोलायला बसल्या की पहिलं केळं दुसऱ्या कुणाला तरी सोलायला लावते. मी हे लांबून बघितलं आणि मनात म्हटलं, वेडेपणा आहे. अपात्रतेचीसुद्धा मुदत असते, पाच वर्षं झाली की संपते. कायदा निदान मुदत तरी देतो.

मग पाऊस लागल्यावर मावशीनं नवी लागवड काढली. खड्डे खणून, शेणखत टाकून तयार. ती नेहमीसारखी काकीला बोलवायला आली. काकी ओटीवरच बसून राहिली. "माजा हात नको," म्हणाली. "माज्या हाताचं काय झालं तुला ठावं हाय." मावशी म्हणाली, काहीतरीच तुझं. काकी म्हणाली, नको. मावशी रडायला लागली. मावशी! मी कामावर निघाले होते, चपला घालत होते, म्हटलं आता निसटावं.

काकीनं मला हाक मारली. "बाय, तू जा. तू लाव पहिला मुनवा."

"मी? काकी, मला काय येतंय त्यातलं."

"येनार काय त्यात? हात धुवायचे आनि लावायचा," ती म्हणाली. "तुज्या हातानं अजून कुनाचं काय बुडालं नाय. चांगला हाय तुजा हात."

मी तिच्याकडे बघितलं. टोमणा असता तर बरं झालं असतं. पण तिला टोमणा मारता येत नाही, आयुष्यात कधी आला नाही. ती खरंच तसं समजत होती. मी तोंड उघडलं. आतमध्ये सगळं तयार होतं, तिसरं वर्ष, न केलेला फोन, फरसाण, सगळं. आणि मावशी डोळे पुसत उभी, खड्डे पावसानं भरत चाललेले, माझी बस चुकत चाललेली.

मी मोरीत जाऊन हात धुतले. साबणानं धुतले. मग मावशीच्या वाडीत गेले आणि पहिला मुनवा लावला, मावशीनं बोट ठेवलं तिथं. चहा घेतला नाही.

एकही मेला नाही. सगळी लागवड उभी राहिली, मावशी आळीभर सांगत सुटली. आता लागवडीच्या दिवसांत बायका मला बोलवायला येतात, आणि काकी ओटीवरून त्यांना सांगते, थांबा, ती हात धुतेय.